अभ्यासिकेच्या राउटरवर स्वतःचे पॅकेट काउंटर लिहिताना

परळच्या एका अभ्यासिकेचं नेटवर्क मी सांभाळतो. एमपीएससी, बँकिंग आणि सीएची तयारी करणारी मुलंमुली तिथे बसतात. संध्याकाळी सातनंतर बहुतेक जण क्लासची रेकॉर्ड केलेली लेक्चर्स लावतात आणि मग मला फोन येतो, "दादा, नेट स्लो झालंय." पण स्लो म्हणजे नक्की काय झालंय? लाइन भरली असेल, डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेची) उत्तरं येत नसतील, नवी कनेक्शनं जुळत नसतील किंवा कुणाच्या लॅपटॉपचं अपडेट मागे चालू असेल. या प्रत्येक दुखण्याचा उपाय वेगळा आहे. मॉनिटरिंग टूलमध्ये आयता मिळणारा आलेख फक्त किती मेगाबिट आत आले नि किती बाहेर गेले एवढंच दाखवतो. तो अर्ध्यावर असतानाही लेक्चर अडकत असेल, तर आपल्या प्रश्नाला नेमके लागू पडणारे काउंटर, म्हणजे राउटरमधून जाणारी पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) मोजणारे आकडे, आपणच लिहावे लागतात.

लिहिणं अवघड नाही. खरी मेहनत लागते ती आपण मोजलेला आकडा कशाचा आहे आणि कशाचा नाही हे पक्कं करायला. म्हणून या लेखात कमांडपेक्षा त्यावर जास्त जागा दिली आहे.

लागणारं सामान असं: लिनक्सवर चालणारा राउटर (माझ्यासमोर डेबियन आहे, ओपनडब्ल्यूआरटी २२.०३ आणि पुढच्या आवृत्त्यांतही फायरवॉल एनएफटेबल्सवरच, म्हणजे लिनक्स कर्नलच्या पॅकेट गाळणाऱ्या व्यवस्थेवरच, चालते, फक्त फाइलींच्या जागा वेगळ्या), त्यावर राउटरचे आकडे बाहेर देणारा नोड एक्सपोर्टर, आणि ते आकडे साठवायला व बघायला प्रोमिथियस आणि ग्राफाना. एनएफटेबल्स २०१४ मध्ये कर्नल ३.१३ बरोबर आलं आणि २०१९ च्या डेबियन १० पासून तिथे तेच ठरलेलं आहे. आपल्याला लागणारे नाव दिलेले काउंटर कर्नल ४.१० पासून मिळतात. जुनं आयपीटेबल्स प्रत्येक रूलवर आपोआप मोजायचं. एनएफटेबल्स मात्र आपण सांगू तिथेच मोजतं, आणि या कामाला ते फार बरं पडतं. कमांड आणि फाइलींतले शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टाइप करताना ते अर्थातच रोमन लिपीत लिहायचे.

आधी प्रश्न कागदावर

टर्मिनल उघडण्याआधी वही घ्या. "ट्रॅफिक मोजायचं आहे" हा प्रश्न नव्हे. प्रश्न असे हवेत: संध्याकाळी बाहेर जाणाऱ्या नव्या टीसीपी (आधी दोन्ही टोकं जुळवून डेटा नेणारी पद्धत) कनेक्शनांपैकी किती जणांना समोरून उत्तर येतं? राउटरने वर पाठवलेल्या डीएनएस चौकशांपैकी कितींना उत्तर आलं? खाली येणाऱ्या बाइट्सपैकी व्हिडिओ ज्यावरून येतो त्या दोन वाटांवर, म्हणजे टीसीपी ४४३ आणि यूडीपी ४४३ वर (यूडीपी म्हणजे आधी न जुळवता पाठवणारी पद्धत, ४४३ हा पोर्टचा क्रमांक), किती जातात आणि उरलेलं काय आहे?

यातले पहिले दोन प्रश्न जोडीचे आहेत. एका काउंटरने त्यांचं उत्तर मिळत नाही. गेलेलं आणि आलेलं असे दोन लागतात आणि त्यांचं गुणोत्तर बघावं लागतं. अनुभवाने सांगतो, सगळ्यात उपयोगी ठरतात ते असे जोडीचे काउंटर. नुसत्या एकूण बेरजेवरून कुणाचं दुखणं सापडल्याचं मी क्वचितच पाहिलंय.

काउंटर कुठे बसवायचा

दादर स्टेशनच्या मधल्या पुलावर उभं राहून माणसं मोजली, तर वेस्टर्नवरून सेंट्रलला जाणारे सापडतील. जो त्याच प्लॅटफॉर्मवर उतरून तिथूनच बाहेर पडला तो कधीच सापडणार नाही. कर्नलमधले हुक, म्हणजे पॅकेट जिथे पकडता येतात त्या जागा, अगदी असेच आहेत. फॉरवर्ड हुकवर फक्त राउटरमधून आरपार जाणारी पॅकेट दिसतात. राउटरसाठीच आलेली पॅकेट इनपुट हुकवर येतात, राउटरने स्वतः पाठवलेली आउटपुटवर.

याचा थेट फटका डीएनएसला बसतो. बहुतेक ठिकाणी डीएनएसमास्क (छोटा डीएनएस सर्व्हर) राउटरवरच चालतं. मुलांचे फोन चौकशी राउटरला करतात आणि राउटर ती वर पाठवतो. म्हणजे ती चौकशी फॉरवर्डमधून जातच नाही. पोर्ट ५३ चा काउंटर फॉरवर्डवर ठेवून शून्य दिसलं आणि "डीएनएस बंद आहे" असा निष्कर्ष काढला, तर अख्खी संध्याकाळ वाया जाते. राउटरने वर केलेल्या चौकशा आउटपुटवर मोजा (बाहेरची इंटरफेस, डेस्टिनेशन पोर्ट ५३), त्यांची उत्तरं इनपुटवर (बाहेरची इंटरफेस, सोर्स पोर्ट ५३). यूडीपी आणि टीसीपी दोन्ही धरा. ज्या फोनांवर प्रायव्हेट डीएनएस चालू आहे त्यांच्या चौकशा सहसा टीसीपी ८५३ वरून जातात आणि ब्राउझरचं एनक्रिप्टेड डीएनएस ४४३ मध्येच मिसळतं. ते या काउंटरमध्ये येणार नाही, हे काउंटरशेजारी कॉमेंटमध्ये लिहून ठेवा.

फॉरवर्डवर मोजण्याचा एक फायदा नॅटमुळे, म्हणजे आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलण्यामुळे, मिळतो. बाहेर जाताना पत्ता बदलतो तो पोस्टराउटिंगमध्ये, म्हणजे फॉरवर्डनंतर. परत येताना तो पूर्ववत होतो प्रीराउटिंगमध्ये, म्हणजे फॉरवर्डच्या आधी. त्यामुळे फॉरवर्डवर दोन्ही दिशांना आतलेच पत्ते दिसतात, आणि खोलीनुसार किंवा व्हीलॅननुसार (एकाच तारेवर वेगळी पाडलेली नेटवर्कं) विभागणी करायची असेल तर ती इथे सोपी जाते.

टेबल लिहिणं

चालू फायरवॉलच्या चेनमध्ये (रूलांच्या यादीत) काउंटर घुसवू नका. तिथे वरच "एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड ॲक्सेप्ट" असा रूल असतो आणि त्याखाली ठेवलेल्या काउंटरला प्रत्येक कनेक्शनचं जेमतेम पहिलं पॅकेट दिसतं. मोजणीसाठी वेगळं टेबल करा. फॅमिली आयनेट ठेवा, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही एकत्र येतील. आपल्याकडे आयपीव्ही६ वरचं ट्रॅफिक इतकं आहे की फक्त आयपी फॅमिली घेतली तर चित्र लंगडं राहतं.

या टेबलात तीन बेस चेन (थेट हुकला जोडलेल्या) लागतात: फॉरवर्ड, इनपुट, आउटपुट. तिन्हींना टाइप फिल्टर, प्रायॉरिटी मँगल (म्हणजे उणे १५०) आणि पॉलिसी ॲक्सेप्ट. फायरवॉल शून्य प्रायॉरिटीवर असते, तेव्हा आपली मोजणी तिच्या आधी होते आणि फायरवॉल पुढे जी पॅकेट टाकून देणार आहे तीही यात धरली जातात. आपल्या चेनने ॲक्सेप्ट म्हटलं तरी पॅकेट पुढे फायरवॉलकडे जातंच, म्हणून सुरक्षिततेला धक्का लागत नाही. ड्रॉप मात्र या टेबलात कुठेही लिहू नका.

आता काउंटर जाहीर करा. प्रत्येकाचं नाव दिशा आणि प्रकार मिळून: डाउन_क्विक (क्विक म्हणजे यूडीपी ४४३ वरचं ट्रॅफिक), डाउन_टीसीपी४४३, डाउन_इतर, तसेच अपचे, मग अप_सिन, डाउन_सिनॲक (सिन म्हणजे नवं कनेक्शन मागणारं पॅकेट, सिनॲक म्हणजे त्याला समोरून आलेलं उत्तर), डीएनएस_गेले, डीएनएस_आले, आणि दोन्ही दिशांच्या एकूण बेरजा. या शिस्तीचा उपयोग पुढे स्क्रिप्टमध्ये होतो.

फॉरवर्ड चेनमध्ये दोनच रूल ठेवा: बाहेरच्या इंटरफेसवरून आलं तर 'जंप डाउन', आतल्यावरून आलं तर 'जंप अप'. डाउन आणि अप या याच टेबलातल्या आपल्या दोन साध्या चेन. इथे आयआयएफ न वापरता आयआयएफनेम वापरा. मुंबईत पुष्कळ ब्रॉडबँड पीपीपीओईवर (लॉगिन करून जुळणाऱ्या कनेक्शनवर) येतं. लाइन तुटून परत जुळली की पीपीपी इंटरफेस नव्याने तयार होते आणि तिचा अंतर्गत क्रमांक बदलतो. आयआयएफ हा क्रमांकावर बांधलेला असल्यामुळे रूल तसाच राहतो आणि मोजणी मात्र गुपचूप थांबते. आयआयएफनेम प्रत्येक वेळी नाव तपासतं.

डाउन चेनमध्ये क्रम महत्त्वाचा. सर्वांत वर एकूण बेरजेचा काउंटर, कोणताही निर्णय न देता. त्याखाली सिनॲकचा: टीसीपी फ्लॅग्जमध्ये सिन आणि ॲक दोन्ही असतील तर मोज, आणि पुढे चालू राहा. मग टीसीपी सोर्स पोर्ट ४४३ असेल तर मोज आणि रिटर्न. यूडीपी सोर्स पोर्ट ४४३ असेल तर मोज आणि रिटर्न. शेवटी उरलेलं सगळं 'इतर'मध्ये. रिटर्नमुळे एक पॅकेट एकाच प्रकारात पडतं, म्हणून प्रकारांची बेरीज एकूण बेरजेइतकी यायला हवी. ही तुमची कायमची चाचणी आहे. वाचताना मधेच एखाददुसरं पॅकेट आलं तर चालेल. फरक वाढत गेला तर रूल चुकलाय. अप चेन अशीच, फक्त सोर्स पोर्टच्या जागी डेस्टिनेशन पोर्ट, आणि सिनॲकऐवजी ज्यात सिन आहे पण ॲक नाही असं पॅकेट.

पोर्टांची यादी वाढली, तर एकाखाली एक रूल रचत जाण्याऐवजी पोर्टवरून काउंटरचं नाव शोधणारा मॅप वापरा. एका शोधात काम होतं.

फाइलच्या सुरुवातीला तीन गोष्टी या क्रमाने: रिकामं टेबल जाहीर करणं, ते डिलीट करणं, मग पूर्ण टेबल. हे टाळलंत तर फाइल दुसऱ्यांदा लोड केल्यावर तेच रूल पुन्हा जोडले जातात आणि बेरजेसारखे निर्णय न देणारे काउंटर दुप्पट पळू लागतात. लोड करण्याआधी एनएफटीला हायफन सी देऊन फाइल नुसती तपासून घ्या, नंतर हायफन एफने लोड करा. अख्खी फाइल एका झटक्यात लागू होते. मधे अर्धवट अवस्था नसते. डेबियनच्या मुख्य फायरवॉल फाइलमध्ये वरच 'फ्लश रूलसेट' असतं. ते आपलं टेबलही पुसून टाकतं, म्हणून आपली फाइल तिच्यानंतर लोड व्हायला हवी.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

ही पायरी अनेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्या कामात हीच महत्त्वाची. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं ट्रॅफिक पाठवा आणि काउंटर तेच सांगतो का ते बघा.

तुमच्या लॅपटॉपच्या पत्त्यापुरता आयसीएमपीचा (पिंग ज्यावर चालतं तो प्रोटोकॉल) तात्पुरता काउंटर दोन्ही दिशांना लावा. लॅपटॉपवरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला १०० पिंग पाठवा. लिनक्सच्या पिंगमध्ये डेटा ५६ बाइट, आयसीएमपीचं हेडर ८, आयपीव्ही४ चं २०: एकूण ८४. म्हणजे अप काउंटरवर नेमकी १०० पॅकेट आणि ८,४०० बाइट दिसायला हवेत. आयपीव्ही६ असेल तर हेडर ४० चं, म्हणून १०,४००. लॅपटॉपच्या इथरनेट इंटरफेसचा स्वतःचा आकडा मात्र प्रत्येक पॅकेटमागे १४ बाइटने जास्त येईल, कारण तिथे इथरनेटचं हेडरही मोजलं जातं आणि आपला काउंटर आयपी थरावर बसलाय. एकाच ट्रॅफिकचे हे दोन आकडे वेगळे येणारच. हे एकदा डोक्यात बसलं की पुढे कुणी "टूलमध्ये फरक का येतो" विचारलं तर सांगता येतं.

मग ठरावीक मापाची मोठी फाइल उतरवा. १,५०० बाइटच्या पॅकेटमध्ये, टीसीपी टाइमस्टॅम्प धरून, खरा डेटा १,४४८ बाइट असतो. तेव्हा १०० एमबीच्या फाइलमागे साधारण १०३.६ एमबी दिसायला हवेत. बाइट्स त्याच्या आसपास पण थोडे कमी येतील. पॅकेटची संख्या मात्र हिशेबापेक्षा कितीतरी कमी येईल, आणि इथे बरेच जण गोंधळतात.

कारण आहे जीआरओ. प्रत्येक पॅकेट वेगळं हाताळणं प्रोसेसरला महाग पडतं, म्हणून कर्नल एकाच टीसीपी प्रवाहातली लागोपाठची पॅकेट नेटफिल्टरपर्यंत (हे हुक ज्यात आहेत त्या भागापर्यंत) पोचण्याआधीच जोडून एक मोठं पॅकेट करतं, साधारण ६४ केबीपर्यंतचं. आपला काउंटर त्याला एक धरतो. जोडलेल्या पॅकेटांची हेडरं गळून एकच उरतं, म्हणून बाइट्सही किंचित घटतात. पॅकेट टिपून दाखवणारं टीसीपीडम्पही जोडल्यानंतरचंच दाखवतं, त्यामुळे त्याच्याशी ताळा जमला म्हणून हुरळून जाऊ नका. तारेवरची खरी संख्या हवी असेल तर इथटूल या नेटवर्क कार्डाच्या कमांडला हायफन मोठा एस देऊन कार्डाचे स्वतःचे काउंटर वाचा. चाचणीपुरतं जीआरओ बंद करून (इथटूल, हायफन मोठा के) फरक डोळ्यांनी पाहणंही उत्तम. कायमचं बंद मात्र करू नका. लहान पॅकेटांनी भरलेल्या एक गिगाबिट लाइनवर सेकंदाला जवळपास १४.८८ लाख पॅकेट येऊ शकतात आणि स्वस्त राउटर त्याखाली दबतो.

आपल्या प्रश्नांपुरता दिलासा असा की सिन आणि सिनॲक पॅकेट जोडली जात नाहीत, आणि डीएनएसची यूडीपी पॅकेटही सहसा नाहीत. म्हणजे जोडीचे काउंटर पॅकेटच्या संख्येवर बिनधास्त चालतात. टीसीपी ४४३ साठी मात्र बाइट्स बघा, पॅकेट नकोत.

आणखी एक. राउटरवर फ्लो ऑफलोडिंग चालू असेल, तर जुळलेल्या कनेक्शनची पॅकेट फॉरवर्ड चेनला वळसा घालून निघून जातात आणि काउंटर जवळजवळ गप्प राहतो. फाइल उतरवण्याच्या चाचणीत हे लगेच उघडं पडतं. राउटरला झेपत असेल तर ऑफलोडिंग बंद ठेवा.

प्रोमिथियसपर्यंत नेणं

नोड एक्सपोर्टरमध्ये टेक्स्टफाइल कलेक्टर असतो. एका ठरवलेल्या फोल्डरमधल्या, शेवटी डॉट प्रॉम असलेल्या फाइली तो वाचतो. आपली स्क्रिप्ट एनएफटीला हायफन जे देऊन या टेबलाचे काउंटर जेसनमध्ये मागते, जेक्यू या जेसन वाचणाऱ्या साधनाने नाव अंडरस्कोरवर तोडते आणि दिशा व प्रकार अशी दोन लेबलं बनवते. प्रत्येक मेट्रिकच्या आधी 'टाइप' ओळीत काउंटर लिहायचं, नावाच्या शेवटी टोटल, आणि बाइट्स व पॅकेट यांची मेट्रिक वेगळी. एकूण बेरजेला वेगळं मेट्रिक नाव द्या. तिला प्रकारांच्याच यादीत एक लेबल करून बसवलं, तर ग्राफानातली बेरीज दुप्पट येते.

बारीकसारीक अडचणी नेमक्या इथेच येतात. फाइल थेट जागेवर लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या शेवटाची तात्पुरती फाइल लिहून तिचं नाव बदला, म्हणजे अर्धवट फाइल कधी वाचली जाणार नाही. एमकेटेम्पने केलेल्या फाइलची परवानगी ६०० असते आणि नोड एक्सपोर्टर साध्या युजरखाली चालतो, म्हणून नाव बदलण्याआधी ६४४ करा. ओळीत टाइमस्टॅम्प लिहू नका, कलेक्टर तो स्वीकारत नाही. काउंटर वाचायला नेट ॲडमिनचा अधिकार लागतो, तो फक्त या स्क्रिप्टला द्या.

ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन मिनिटाच्या खाली जात नाही, म्हणून सिस्टमडी टायमर, दर १५ सेकंदांनी. त्यात ॲक्युरसीसेक एक सेकंद असं स्पष्ट लिहा. न लिहिल्यास ती सवड एक मिनिटाची असते आणि १५ सेकंदांचा टायमर मन मानेल तसा धावतो.

स्क्रिप्ट मेली तरी जुनी फाइल तशीच वाचली जात राहते आणि आलेख सपाट, शांत दिसतो. म्हणून नोड एक्सपोर्टरचंच नोड टेक्स्टफाइल एमटाइम सेकंड्स हे मेट्रिक घ्या आणि फाइल दोन मिनिटांहून जुनी झाली तर इशारा लावा. हा इशारा बाकी सगळ्या आलेखांच्या आधी तयार करा.

आलेख आणि त्यांचं वाचन

काउंटर नेहमी वाढतच जाणारा ठेवा. एनएफटीच्या रीसेट कमांडला हात लावू नका. दर काढणं हे प्रोमिथियसच्या रेट फंक्शनचं काम. पावसाळ्यात मीटर रूममध्ये पाणी शिरून लाइट गेली आणि राउटर बंद पडून शून्यापासून सुरू झाला, तरी रेट ते ओळखून सांभाळून घेतं. दर १५ सेकंदांनी आकडे घेत असाल तर रेटची खिडकी एक मिनिटाहून लहान नको. बाइट्सना आठने गुणून बिट्स करा, कारण प्लॅन मेगाबिटमध्ये असतो. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी.

इथे काउंटर ६४ बिटांचे आहेत, तेव्हा ते भरून उलटण्याची चिंता नाही. जुन्या स्विचवरून एसएनएमपीने (उपकरणांचे आकडे दुरून वाचण्याची पद्धत) ३२ बिटांचा आकडा घेत असाल तर मात्र सावध: पूर्ण भरलेल्या एक गिगाबिट लाइनवर तो सुमारे ३४ सेकंदांत उलटतो. तिथे एचसी नावाचे ६४ बिटांचे आकडेच मागा.

सिनॲक भागिले सिन हा आलेख कधीच बरोबर एक येत नाही. कुठलंतरी ॲप बंद पडलेल्या पत्त्याला हाका मारत असतंच. म्हणून आधी काही दिवस सकाळ-दुपारची आपली नेहमीची पातळी बघा. संध्याकाळी गुणोत्तर घसरलं आणि डाउनची लाइन भरलेली नसेल, तर पॅकेट बाहेर कुठेतरी हरवत आहेत. हा आलेख वेळेसकट इंटरनेट पुरवणाऱ्याला पाठवा. "नेट स्लो आहे"पेक्षा त्यावर काम लवकर होतं. गुणोत्तर आणि डीएनएस दोन्ही ठीक, पण डाउन छताला टेकलेलं असेल तर दोष आपल्याच गर्दीचा. मग 'इतर' किती आहे ते पाहा आणि रांगेची नीट व्यवस्था लावा. डीएनएसची आलेली उत्तरं कमी पडत असतील तर वरचा डीएनएस बदलून बघणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

तिन्ही नीट असूनही तक्रार आली, तर फॉरवर्डच्या पुढे बघावं लागतं. रांगेत टाकलेली पॅकेट आपल्या काउंटरला दिसत नाहीत. ती 'टीसी'ला हायफन एस देऊन क्यूडिस्कच्या (कर्नलच्या पाठवण्याच्या रांगेच्या) आकड्यांत सापडतात. आणि पुष्कळदा दोष वायफायचा निघतो. चाळीत आजूबाजूच्या दहा घरांचे राउटर एकाच चॅनेलवर असले तर आयपी थरावरच्या मोजणीतून ते कळणार नाही.

मुलांची नावं नकोत

प्रत्येक फोनचा पत्ता लेबल म्हणून टाकायचा मोह होतो. टाकू नका. लेबलाच्या प्रत्येक नव्या मूल्यामागे प्रोमिथियसमध्ये नवी मालिका तयार होते, आणि फोन आता मॅक पत्ते बदलत राहतात, तेव्हा साठवण फुगत जाते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोण किती वाजता काय बघत होतं याची नोंद अभ्यासिकेने ठेवायचं कारणच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे अशा नोंदींची जबाबदारीही येते. खोलीनुसार व्हीलॅन करून तेवढंच लेबल ठेवा आणि काय मोजतो ते नोटीस बोर्डावर मराठीत लिहा. मी तसं लावलंय. मुलं ते वाचतात आणि प्रश्नही विचारतात, हे मला फार आवडतं.

फाइलमध्ये प्रत्येक काउंटरवर तीन ओळींची कॉमेंट असू द्या: कोणता प्रश्न, कोणता हुक, काय सुटतं. कर्नल बदलला, फायरवॉल बदलली किंवा नवी लाइन आली की १०० पिंगची चाचणी पुन्हा करा. ज्या काउंटरचा आलेख महिनोन्महिने कुणी उघडला नाही, तो फाइलमधून आणि ग्राफानातून एकाच दिवशी काढून टाका.